एकहाती बाल्डविन आणि माउईचा पाट

१८१० साली स्थापन झालेले, बॉस्टन शहरातून कारभार चालवणारे ‘अमेरिकन बोर्ड’ हे धर्मप्रसारक मंडळ मराठी वाचकाला नावाने ठाऊक नसले, तरी कामाने ठाऊक असते. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट याच मंडळाचे. १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे उघडले ते याच मंडळाच्या अमेरिकन मराठी मिशनने, आणि १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले तेही याच मिशनचे. त्याच १८३१ सालच्या जूनमध्ये मंडळाने पॅसिफिक महासागराच्या मध्यावर धाडलेले एक धर्मोपदेशक डॉक्टर, ड्वाइट बाल्डविन, पत्नी शार्लटसह होनोलुलूच्या बंदरात उतरले. ‘ज्ञानोदय’च्या जन्मवर्षी, २९ ऑगस्ट १८४२ रोजी, हवाई राज्यातल्या माउई बेटावर लाहायना गावी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव हेन्री पेरीन बाल्डविन.

हिंदुस्थान आणि हवाई इथल्या एकाच मंडळाच्या ठाण्यांत जन्मलेल्या मुलांचे मार्ग मात्र अगदी वेगळे निघाले. रॉबर्ट ॲलन ह्यूम हा १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा शिकायला अमेरिकेला गेला, परत आला आणि नगरलाच धर्मशिक्षणात त्याने आयुष्य घालवले. हवाईत मिशनऱ्यांची मुले मळ्यांची मालक झाली, साखर कारखानदार झाली, मंत्री झाली. त्यांच्यातला सॅनफर्ड डोल तर राणीला पदच्युत करून स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष झाला. मुलांच्या स्वभावापेक्षा हा फरक परिस्थितीने घडवला, असे मला वाटते.

पहिली गोष्ट शाळेची. बॉस्टनहून हवाईला यायचे तर जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून येई. पाच-सहा महिने समुद्रावर जात. सात-आठ वर्षांची लेकरे शिकण्यासाठी एवढ्या दूर पाठवायची आणि पुन्हा कधी दिसतील याचा भरवसा नाही, हे आयांच्या जिवावर येई. म्हणून १८४१ मध्ये होनोलुलूजवळ पुनाहोऊ ही शाळा निघाली. (बराक ओबामा पुढे याच शाळेत शिकले.) त्यामुळे मिशनऱ्यांची एक अख्खी पिढी बेटांवरच लहानाची मोठी झाली. हेन्रीही तिथलाच विद्यार्थी.

दुसरी गोष्ट जमिनीची. हवाईत जमीन विकत घ्यायची-विकायची वस्तू नव्हती. राजा तिसरा कामेहामेहा याने १८४८ मध्ये ‘माहेले’ म्हणजे वाटणी केली आणि जमीन राजा, सरकार व सरदार यांच्यात विभागली. १८५० मध्ये परक्यांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी सामान्य रयतेलाही कसत असलेल्या तुकड्यांवर मालकी सांगण्याचा कायदा झाला. पण अर्ज करा, मोजणी करा, साक्षीदार आणा, या सोपस्कारांत रयत मागे पडली. तिच्या पदरात एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन आली. त्याच सुमारास बॉस्टनच्या मंडळाने हवाईच्या मिशनवरचा खर्च आखडता घेतला; मिशनऱ्यांनी आता स्वतःच्या पायावर उभे राहावे, हवे तर जमीन घ्यावी, असे त्याचे धोरण ठरले. हिंदुस्थानात राज्य इंग्रजांचे होते आणि जमिनीला कसणारे व वहिवाटदार पिढ्यान्‌पिढ्या होतेच. हवाईत देवीसारखे परके रोग शिरून गावे ओस पडत चालली होती. कॅप्टन कुक १७७८ मध्ये आला तेव्हा बेटांवर तीन लाख किंवा त्याहूनही अधिक लोक असावेत असा अंदाज आहे. १८७२ च्या शिरगणतीत परदेशी धरूनही ५७ हजारच भरले.

या रोगराईशी हेन्रीचे वडील आयुष्यभर झुंजले. लाहायना तेव्हा देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांचे मोठे बंदर होते. १८४६ साली चारशेवर जहाजांनी तिथे नांगर टाकला. जहाजांबरोबर खलाशी, दारू आणि आजार उतरत. १८५३ मध्ये होनोलुलूला देवीची साथ आली आणि ओआहू बेटावर हजारो माणसे दगावली. डॉ. बाल्डविन लस घेऊन माउई, मोलोकाई आणि लानाई ही तीन बेटे घोड्यावरून आणि होडीतून फिरले. लोकांना टोचत आणि आजाऱ्यांना वेगळे ठेवत गेले. माउईवर मृत्यूंचा आकडा शेकड्यांतच राहिला. त्यांचे लाहायनातले प्रवाळ-दगडाचे घर पुढे संग्रहालय झाले होते. ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात अख्ख्या गावाबरोबर तेही जळाले.

मुलालाही डॉक्टरच व्हायचे होते. त्यासाठी अमेरिकेत जाऊन शिकायचे तर पैसा हवा, आणि तो चार-दोन हंगामांत शेतीतून उभा करू, असा हेन्रीचा बेत होता. भाताचा प्रयोग केला, तो फसला. मग थोरल्या भावाच्या उसाच्या मळ्यावर राबला, आणि तिथून वाइहेए गावच्या मळ्यावर मुकादम म्हणून गेला. मळ्याचा व्यवस्थापक सॅम्युएल टी. अलेक्झांडर. हाही मिशनऱ्याचाच मुलगा, हेन्रीपेक्षा सहा वर्षांनी मोठा. अलेक्झांडर कल्पनांचा माणूस, बाल्डविन तडीस नेणारा, जोडी जमली. १८६९ मध्ये दोघांनी मिळून माकावाओ भागात १२ एकर जमीन ११० डॉलरला घेतली. पुढच्या वर्षी आणखी ५५९ एकर, ८,००० डॉलरला. त्याच १८७० सालच्या एप्रिलमध्ये हेन्रीने सॅम्युएलची बहीण एमिली हिच्याशी लग्न केले, आणि भागीदार मेहुणाही झाला. अमेरिकेला जाऊन डॉक्टर होण्याचा बेत मागे पडला तो पडलाच.

घेतलेली जमीन सुपीक खरी, पण कोरडी. माउईची रचना अशी की पूर्वेला हालेआकाला हा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी, पश्चिमेला दुसरा डोंगर आणि मध्ये सपाट पट्टा. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे हालेआकालाच्या उतारावर आदळून तिथेच रिते होतात. महाबळेश्वरात धो धो कोसळावे आणि माण-खटावने आभाळाकडे बघत बसावे, तशी गत. डोंगराच्या त्या अंगाला रानाने भरलेल्या घळींतून शेकडो ओढे बारमाही खळाळत समुद्राला मिळत, आणि काही मैलांवर मधल्या पट्ट्यात लाल माती उडत असे.

आणि पीक कोणते, तर ऊस. हवाईतला ऊस दीड ते दोन वर्षे शेतात उभा असतो, म्हणजे आपल्या आडसालीपेक्षाही लांबण. एक पौंड साखर पदरात पडायला सुमारे ४,००० पौंड पाणी लागते, असा हिशेब तिथले मळेवाले मांडत. दोन हंगाम पावसाने दगा दिला की मळा बुडाला. पूर्वेच्या ओढ्यांचे पाणी पाट काढून इकडे आणायचे, ही अलेक्झांडरची कल्पना होती. पण तेवढा खर्च परवडावा असा साखरेला भाव नव्हता.

भावाचा प्रश्न १८७६ मध्ये सुटला. हवाई राज्य आणि अमेरिका यांच्यात आदल्या वर्षी झालेला व्यापारी करार सप्टेंबरमध्ये अमलात आला आणि हवाईची साखर जकातीविना अमेरिकेत जाऊ लागली. या कराराने बेटांचे काय केले ते एका आकड्यावरून कळते. १८७५ मध्ये हवाईची साखर निर्यात अडीच कोटी पौंड होती. १८९० मध्ये ती सुमारे २६ कोटी पौंड झाली. पंधरा वर्षांत दसपट.

पण त्याच वर्षी, करार लागू होण्याच्या पाच-सहा महिने आधी, बाल्डविनवर घाला आला. २८ मार्च १८७६ रोजी पालिउली इथल्या त्यांच्या कारखान्यात तो चरक नीट करत होता. ऊस पिळणाऱ्या लोखंडी लाटांमधली फट कमी-जास्त करायची असते. फट रुंद राहिली तर चिपाडात रस उरतो, अरुंद झाली तर चरक अडतो. लाटा फिरत्या होत्या. त्याची बोटे सापडली आणि पाहता पाहता हात आत ओढला गेला. कोणीतरी यंत्र उलटे फिरवले तेव्हा तो बाहेर निघाला. उजवा हात कापावा लागला. वय ३३.

बरा झाल्यावर तो डाव्या हाताने लिहायला शिकला, घोड्यावर बसू लागला, आणि चर्चमधला ऑर्गन वाजवणे त्याने सोडले नाही. एका हाताने वाजवत राहिला. अशा हकिकती कुटुंबाच्या आठवणींत पुष्कळ असतात आणि त्यांतला भक्तिभाव वजा करून घ्यावा लागतो. पण पुढचे काम जमिनीवर कोरलेले आहे, त्यात वजाबाकीला वाव नाही.

सप्टेंबर १८७६ मध्ये राजा कालाकाउआच्या सरकारने अलेक्झांडर-बाल्डविन आणि शेजारच्या मळेवाल्यांना पाणी नेण्याचा परवाना दिला. भाडे वर्षाला १०० डॉलर. काम पुरे करायची मुदत दोन वर्षे, ३० सप्टेंबर १८७८ पर्यंत. परवान्यात आणखी एक अट होती: ओढ्यांकाठी आधीपासून राहणाऱ्या कुळांच्या आणि वहिवाटदारांच्या हक्काला यामुळे बाधा येता कामा नये. ही अट लक्षात ठेवलेली बरी.

पाटाला हामाकुआ हे नाव मिळाले. (हवाई नावाच्या मोठ्या बेटावरही हामाकुआ आहे आणि तिथेही नंतर पाट झाला, हा त्याहून जुना, माउईचा.) लांबी १७ मैल. आखणी करायला शिकलेला इंजिनिअर कोणी नव्हता. रेषा अलेक्झांडरने ठरवली आणि काम बाल्डविनने अंगावर घेतले. पाट डोंगराच्या कुशीतून किंचित उतार राखत न्यायचा असतो. उतार जास्त झाला तर पाणी काठ खाते, कमी झाला तर गाळ बसतो. सपाटीवर हे सोपे. इथे दर फर्लांगाला घळ. लहान घळ असली तर माथ्यापर्यंत वळसा घालून पाट पलीकडे नेता येतो. मोठ्या घळीत लोखंडी नळ टाकावे लागतात. पाणी एका कड्यावरून नळात शिरते, घळीच्या तळापर्यंत खाली जाते आणि स्वतःच्याच दाबाने पलीकडच्या कड्यावर चढते. सुटायचे तोंड शिरायच्या तोंडापेक्षा थोडे खाली असले की झाले. यालाच उलटा सायफन म्हणतात. हिशेब सोपा आहे, पण ते नळ रानातून ओढत नेऊन उभ्या कड्याला जोडत जायचे, सांधा गळू द्यायचा नाही, आणि त्या काळात त्या बेटावर हे कोणी केलेले नव्हते.

सगळ्यात अवघड घळ शेवटची, मालिकोची. कडे इतके उभे की खाली उतरायला दोर हाच रस्ता. मजुरांनी साफ नकार दिला. तेव्हा बाल्डविन स्वतः दोराला लोंबकळला. दोन्ही पायांत दोर आवळायचा, एका हाताने पकड सोडायची, पुन्हा थोडे खाली धरायची, आणि त्या क्षणभरात सगळा भार पायांवर. तो खाली पोचला. मग मजूरही उतरले. काम संपेपर्यंत तो दररोज असा उतरत आणि चढत होता, असे त्याचा मुलगा आर्थर याने १९१५ मध्ये लिहिलेल्या चरित्रात नोंदलेले आहे. या प्रसंगाचे चित्र हवाईत पिढ्यान्‌पिढ्या रंगवले गेले. मला त्यात धाडसाइतकाच मुकादमाचा जुना हिशेबही दिसतो: एका हाताचा मालक उतरलेला पाहिल्यावर दोन हातांच्या मजुराला ‘नाही’ म्हणायला तोंड उरत नाही.

घाईचे कारण नुसती मुदत नव्हती. क्लाउस स्प्रेकल्स हा जर्मनीतून आलेला, सॅन फ्रान्सिस्कोचा साखरसम्राट. कराराची बातमी घेऊन जे जहाज होनोलुलूला लागले, त्याच जहाजातून तो उतरला आणि १८७७ सालच्या येणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक त्याने आगाऊ विकत घेऊन ठेवली. पुढे माउईच्या मधल्या पट्ट्यातली हजारो एकर जमीन त्याने भाड्याने घेतली आणि तिच्यासाठी पाणी मागितले. मंत्रिमंडळ रेंगाळले. १८७८ च्या जुलैच्या आरंभी राजाने मध्यरात्रीनंतर माणूस पाठवून मंत्र्यांचे राजीनामे मागवले, नवे मंत्री नेमले आणि आठवडाभरात स्प्रेकल्सला वर्षाला ५०० डॉलर भाड्याने तीस वर्षांसाठी पाणी मिळाले. त्याच सुमारास स्प्रेकल्सने राजाला मोठे कर्ज दिले होते. बाल्डविनची मुदत चुकली असती तर त्याच्या पाटाचे पाणीही स्प्रेकल्सकडे जायचे होते. काम मुदतीच्या आत उरकले. २५,००० डॉलरचा अंदाज ८०,००० डॉलरवर गेला होता, पण पाणी हाइकू इथल्या मळ्यात पोचले होते.

स्प्रेकल्सने मग हर्मन शुस्लर या नाणावलेल्या इंजिनिअरला आणून ३० मैलांचा, पाच लाख डॉलर खर्चाचा पाट काढला. तो मोठा, हा लहान. पण १८९८ मध्ये स्प्रेकल्सच्या माउईवरच्या कंपनीचा ताबा अलेक्झांडर आणि बाल्डविन यांच्याकडेच आला. पुढे पुउनेने गावी मोठा कारखाना उभा राहिला, डोंगराच्या आणखी आतल्या अंगाने कोओलाऊ पाट झाला, आणि पूर्व माउईतले पाट-बोगदे मिळून सुमारे ७४ मैलांचे जाळे झाले. बारा एकरांपासून निघालेली ‘अलेक्झांडर अँड बाल्डविन’ ही पेढी हवाईचा अवघा व्यवहार हाती ठेवणाऱ्या पाच बड्या कंपन्यांपैकी एक गणली जाऊ लागली. त्या पाचांतली आणखी एक, कॅसल अँड कुक, हीसुद्धा मिशनच्याच माजी माणसांनी काढलेली.

हा पसारा कोणाच्या हातांनी चालला? स्थानिक माणसे उरली होती थोडी, आणि त्यांना दुसऱ्याच्या मळ्यात दहा तास राबण्याची हौस नव्हती. १८५२ पासून करारावर चिनी मजूर आले, १८७८ पासून पोर्तुगीज बेटांवरचे, १८८५ पासून हजारोंनी जपानी, विसाव्या शतकाच्या आरंभी कोरियन आणि फिलिपिनो. करार मोडून पळालेल्या मजुराला पकडून तुरुंगात टाकता येईल, असा कायदा १८५० चा. १९०० मध्ये हवाई अमेरिकेचा रीतसर प्रदेश झाला तेव्हाच ती पद्धत संपली. मजुराच्या गळ्यात किंवा कमरेला ‘बांगो’ नावाचा धातूचा बिल्ला असे, त्यावर नंबर ठोकलेला. पगार त्या नंबरावर, दुकानातली उधारी त्या नंबरावर, मुकादमाची हाकही बहुधा नंबरानेच. काही मळ्यांवर वेगवेगळ्या देशांच्या मजुरांना वेगवेगळ्या आकाराचे बिल्ले देत. आज हे बिल्ले संग्रहालयांत ठेवलेले दिसतात. एकाच कामाला कातडीच्या रंगाप्रमाणे वेगळी मजुरी ही तर सर्रास रीत होती. हवाईच्या आजच्या मिश्र समाजाचे मूळ याच मजूरवस्त्यांत आहे.

बाल्डविन राजकारणात शिरला तो १८८७ मध्ये. त्या वर्षी मळेवाले आणि त्यांचे वकील यांनी बंदुकांच्या धाकाने राजाकडून नवी राज्यघटना लिहून घेतली होती. वरच्या सभागृहासाठी मतदार कोण, तर मालमत्तावाले. साहजिकच बहुसंख्य हवाईयन बाहेर राहिले आणि बाल्डविनसारखे आत आले. १८९३ च्या जानेवारीत राणी लिलिउओकालानी हिने ती घटना बदलण्याचा प्रयत्न केला तेव्हा होनोलुलूत गोऱ्यांची मोठी सभा भरली. तिथे बाल्डविन उठला आणि जे करायचे ते घटनेच्या मार्गानेच करा, असे म्हणाला. सभेने आरडाओरडा करून त्याचे म्हणणे फेटाळले. दुसऱ्या दिवशी राणीचे राज्य संपले. हा त्याचा संयम खरा मानायला हवा. पण ज्या घटनेची तो कड घेत होता ती बंदुकीच्या धाकाने आलेली होती, आणि उलथापालथीनंतर स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाच्या सिनेटमध्येही तो बसला. एका भाषणावरून त्याला राणीचा पक्षपाती ठरवू पाहणाऱ्यांनी ही बैठकही मोजावी.

भागीदार अलेक्झांडर तब्येतीमुळे १८८३ मध्येच कॅलिफोर्नियाला राहायला गेला होता. १९०४ मध्ये मुलगी ॲनीबरोबर आफ्रिकेत हिंडताना व्हिक्टोरिया धबधब्यापाशी वरून आलेल्या धोंड्याखाली त्याचा पाय चिरडला आणि तो तिथेच वारला. साखरेच्या त्या पैशातून ॲनीने १९०८ मध्ये बर्कली विद्यापीठात पृष्ठवंशीय प्राण्यांचे संग्रहालय उभे केले; ते आजही जगातल्या नामांकित संग्रहांत मोडते. बाल्डविन माउईवरच राहिला. गुरांचे मोठे कुरण, आणखी कारखाने, शाळा, चर्च अशा साऱ्या उलाढालींत गुंतलेला असताना ८ जुलै १९११ रोजी माकावाओला त्याचा मृत्यू झाला. ज्या कारखान्यात त्याचा हात गेला तो पालिउलीचा कारखाना बंद पडल्यावर त्याच्याच पायावर माकावाओचे चर्च बांधले गेले होते. १९१७ मध्ये त्या जागी त्याच्या स्मरणार्थ दगडी चर्च उभे राहिले.

आता त्या परवान्यातल्या अटीकडे वळू. पूर्व माउईच्या ओढ्यांकाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘कालो’ लावत आले आहेत. कालो म्हणजे आपले अळू. आपण पानांचे फदफदे करतो आणि अळकुड्या उकडतो. हवाईयनांचे ते मुख्य अन्न, कंद कुटून त्याची ‘पोई’ करतात, आणि त्यांच्या जुन्या कथांत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. त्याची खाचरे भाताच्या खाचरांसारखी पाण्याने भरतात, पण पाणी वाहते आणि गार लागते. प्रवाह मंदावला, पाणी उन्हाने तापले, की कंद सडतो. वरच्या अंगाला पाटाने ओढे अडवल्यावर खाली उरले ते पुष्कळदा कोरडे धोंडे. खाचरे पडीक पडली. समुद्रातून ओढ्यात चढणारे मासे आणि झिंगेही गेले. ‘कुळांच्या हक्काला बाधा येता कामा नये’ हे वाक्य कागदावर होते. त्याची अंमलबजावणी करायला कोणी नेमलेले नव्हते, आणि पुढच्या काळात परवाने देणारे सरकार मळेवाल्यांच्याच वर्तुळातले होते.

२००१ मध्ये पूर्व माउईच्या हवाईयन शेतकऱ्यांच्या संघटनेने राज्याच्या जल आयोगाकडे २७ ओढ्यांत पुरेसे पाणी सोडावे असा अर्ज केला. सुनावण्या, अपिले, फेरसुनावण्या असे ते प्रकरण सतरा वर्षे चालले. मधल्या काळात साखरेचा धंदाच बसला. स्वस्त साखर पिकवणाऱ्या देशांपुढे हवाईचा टिकाव लागेना, एकेक कारखाना बंद झाला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये पुउनेनेच्या कारखान्याने शेवटचा ऊस गाळला. हवाईतला तो अखेरचा साखर कारखाना होता. जून २०१८ मध्ये जल आयोगाने कालो पिकवणाऱ्या दहा ओढ्यांचे पाणी पूर्ण सोडण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी डिसेंबरात अलेक्झांडर अँड बाल्डविनने मधल्या पट्ट्यातली सुमारे ४१,००० एकर जमीन २६.२ कोटी डॉलरला विकली. घेणारी माही पोनो ही कंपनी तिथे लिंबूवर्गीय झाडे, कॉफी आणि भाजीपाला लावते.

पाटांतून पाणी अजूनही वाहते. माउईच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांना नळाचे पाणी याच जाळ्यातून मिळते, त्यामुळे ते बुजवून टाका असे सरसकट कोणी म्हणत नाही. भांडण आहे ते किती पाणी, कोणाला आणि कोणाच्या हुकमाने याचे. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत माउईच्या मतदारांनी पूर्व माउईच्या पाण्यासाठी लोकांचे स्वतंत्र मंडळ स्थापण्याच्या बाजूने कौल दिला, आणि डोंगरातल्या त्या पाण्याचे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे या मंडळाने मिळवावेत, असा त्यामागचा हेतू आहे.